दुभाषीची विनंती

लोक हसले, टाळ्या वाजल्या, आणि मग कुठे तिच्या ध्यानात आलं की आपण काय बोलून बसलो. वाचनालयाच्या वरच्या मजल्यावरची ती लांबोळकी खोली, भिंतीला टेकवून ठेवलेल्या जादा खुर्च्या, समोरच्या टेबलावर वेळ दाखवायला हिरवा, पिवळा आणि लाल असे तीन दिवे, आणि तिच्या हातात एक चिठ्ठी. चिठ्ठीवर एकच शब्द होता, साबण. डब्यात हात घालायचा, चिठ्ठी काढायची, उघडायची आणि त्यावर दोन मिनिटं बोलायचं, तयारी करायची नाही, हा इथला नियम. हिरवा दिवा लागला तेव्हा ती उभी होती. पिवळा लागला तेव्हाही ती तशीच उभी होती, मान किंचित डावीकडे कलती करून, जणू डाव्या अंगाला कुणीतरी आहे आणि ते आता बोलायला लागेल, आणि ते बोललं की मग आपलं काम. डावीकडे खिडकी होती. खिडकीबाहेर समोरच्या इमारतीत एक माणूस सदरा वाळत घालत होता. लाल दिवा लागता लागता तिच्या तोंडून स्वच्छ, खणखणीत आवाजात वाक्य निघालं, "दुभाषीची विनंती आहे, साक्षीदाराने उत्तर पुन्हा सांगावं."

हशा पिकला तो यावर. ती कोर्टात दुभाषी आहे हे भाषणाचा सराव करणाऱ्या या मंडळात सगळ्यांना ठाऊक होतं. दुभाषीबाई म्हणूनच तिला हाक मारायचे. सगळ्यांना वाटलं, बाईंनी काय झकास चिमटा काढला! बोलण्यात 'अं' किती वेळा आलं ते मोजायचं काम एका निवृत्त दंतवैद्याकडे होतं. त्यांच्यापुढे टेबलावर बसवलेली घंटी होती. कुणी 'अं' केलं की ते बोटाने ती टिंगकन वाजवायचे आणि मनापासून खूश व्हायचे. ते उठले, घसा साफ केला आणि म्हणाले, "दुभाषीबाई. अं, शून्य. या खोलीत इतकं स्वच्छ भाषण आजवर झालेलं नाही." पुन्हा हशा. तीही हसली, कारण सगळे हसत असताना न हसणं तिला बरं दिसलं नसतं. चिठ्ठी डब्यात परत टाकायला ती पुढे झाली तशी मंडळाच्या अध्यक्षीणबाईंनी डब्याचं झाकण लावून घेतलं. या बाई लोकांना मोटार चालवायला शिकवायच्या आणि बोलायलाही त्याच पद्धतीने शिकवायच्या. "अं हं. ज्याची गाडी सुरूच झाली नाही त्याची चिठ्ठी घरी जाते. पुढच्या गुरुवारी हीच घेऊन यायची."

"मग ते उत्स्फूर्त कसलं?" दंतवैद्य म्हणाले.

"आठवडाभर घोकलं तरी माणूस उभा राहिला की उत्स्फूर्तच होतो, डॉक्टर. तुम्ही घंटी सांभाळा." मग तिच्याकडे वळून, आवाज खाली आणून, "बाई, गाडी बंद पडली म्हणून काय झालं? चावी तुमच्याच हातात आहे ना? क्लच जरा हळू सोडा, बस."

जिना उतरताना तिने कठडा धरला. हसण्यासारखं तिने काहीच केलं नव्हतं. इतकी वर्षं ती रोज सकाळी कोर्टात उभं राहून शपथ घेत आली होती, की जे ऐकेन तेच सांगेन, वाढवणार नाही, घटवणार नाही, माझ्या पदरचं काही घालणार नाही. इतर लोक ती शपथ भरभर उरकायचे. ती मात्र रोज नव्याने घेत असे, एखादा नेम पाळावा तशी, आणि संध्याकाळी घरी येताना आजच्या दिवसात कुठे शब्द घसरला का ते मनाशी तपासून बघत असे. त्या कामाची एक रीत होती. साक्षीदार 'मी' म्हणाला की दुभाषीनेही 'मी' म्हणायचं. 'हा म्हणतो की याने पाहिलं' असं नाही, 'मी पाहिलं.' साक्षीदार पुरुष असेल तर 'मी गेलो, मी थांबलो,' आणि त्यात तिला कधी चमत्कारिक वाटलं नाही. चोरांसाठी, विधवांसाठी, दारू पिऊन गाडी ठोकलेल्या कारकुनासाठी, सगळ्यांसाठी ती 'मी' होती. आणि तिला स्वतःला काही विचारायचं झालं, ऐकू आलं नाही, कळलं नाही, तर मात्र 'मी' म्हणायचं नाही. मग ती 'दुभाषी' व्हायची. दुभाषीची विनंती आहे. दुभाषीला शब्द कळला नाही. 'मी' हा शब्द त्या खोलीत नेहमी दुसऱ्या कुणाचा तरी असायचा, आणि ती तो जपून वापरून ज्याचा त्याला परत करायची.

घरी आल्यावर तिने सवयीने आधी हात धुतले. बेसिनवर दोन साबण होते. एक तिचा, साधा, पांढरा. दुसरी एक पिवळट, खरखरीत, विटेच्या तुकड्यासारखी वडी होती, वंगणाचे हात धुवायची. ती नवऱ्याची. ते डोंगरापलीकडच्या धरणाजवळच्या पंपघरात होते. खालच्या सगळ्या वस्तीला तिथून पाणी चढायचं आणि ते चढतंय की नाही हे पाहणं त्यांचं काम. महिन्यातून दोन दिवस घरी यायचे. आले की हा साबण फसफसायचा, बेसिनमध्ये राखाडी पाणी फिरत जायचं, घरभर वंगणाचा आणि लिंबासारखा असा एक उग्र वास पसरायचा, आणि आपण काय काय आणलं, काय काय बिघडलं, कोण कसं चुकलं हे ते मोठमोठ्याने सांगत राहायचे, कारण पंपाच्या आवाजात राहून राहून त्यांना हळू बोलणं ठाऊकच उरलं नव्हतं. शेजारीण एकदा म्हणाली होती, "तुमचे हे आले की आम्हालासुद्धा सगळ्या बातम्या कळतात हो." मग ते जायचे. साबण वाळायचा. एक वडी वर्षभर पुरायची. तिने हातातली चिठ्ठी त्या वडीशेजारी ठेवली. कागदाला ओल लागली आणि 'साबण' मधला 'ब' थोडा फुगला.

त्यांची नोकरी संपत आली होती. संपली की ते कायमचे घरी येणार हे इतकं गृहीत होतं की त्याबद्दल दोघं कधी बोललेच नव्हते, आणि ती मात्र गेलं वर्षभर कपाटातला एक कप्पा रिकामा करत होती, आज एक जुनी चादर काढ, उद्या एक पिशवी, असं, जणू स्वतःलाही कळू नये. मग गेल्या रविवारी फोन आला. दर रविवारी यायचा. फोनमागे पंपाची घरघर असायची, एका सुरात, गोठ्यात मोठं जनावर झोपल्यासारखी, आणि तिला त्या घरघरीची इतकी सवय झाली होती की त्यांचं बोलणं संपल्यावरही ती फोन थोडा वेळ कानाला तशीच धरून राहायची. ते ओरडून म्हणाले, "अजून तीन वर्षं थांबा म्हणतायत. नवा माणूस मिळत नाही इकडे. काय सांगू त्यांना?"

"तुम्हाला योग्य वाटेल ते सांगा."

"मला योग्य काय ते बघेन गं मी. तुला काय वाटतं?"

घरघर. तिला वाटलं, आता कुणीतरी बोलेल. तिच्या पोटापासून गळ्यापर्यंत काहीतरी भरत आलं आणि तिथेच तटलं. "लेकीला बरं वाटेल तुम्ही आलात तर," ती म्हणाली.

"लेक तिकडे तिच्या नोकरीवर! ती कुठे घरात असते?" ते हसले; हसताना खोकला आला. मग थोडा वेळ नुसती घरघर. "हॅलो? आहेस ना?"

"आहे."

"बरं. पुढच्याच्या पुढच्या शुक्रवारी सकाळी सांगायचंय त्यांना. तोवर विचार कर." आणि मग, ओरडून नाही, म्हणजे त्यांच्या मानाने ओरडून नाही, "तू म्हणशील तसं."

तू म्हणशील तसं. दुसरी एखादी असती तर या तीन शब्दांवर तिने काय काय केलं असतं. ही त्या रात्री भांडी विसळताना मनातल्या मनात वाक्य जुळवत बसली. अहो, तुम्ही घरी या. इतकंच. एवढं म्हणायला काही अक्कल लागत नव्हती. पण ते ओठांवर आणलं की कुणा परक्या बाईचं वाटायचं, आणि आपण तिच्या शेजारी अर्धं पाऊल मागे उभ्या आहोत असं वाटायचं.

हे अर्धं पाऊल मागे तिला कोर्टाने शिकवलं नव्हतं. ती लहान असताना घरात अबोला होता. कशावरून सुरू झाला ते तिला कधी कळलं नाही, आणि पुढे पुढे आईबाबांनाही आठवत असावं असं वाटत नाही. पण तो होता, घरातल्या घड्याळासारखा, कुणी बघितलं नाही तरी चालू. आई स्वयंपाकघरात, बाबा बाहेरच्या खोलीत, आणि मधल्या दारात ही. "सांग तुझ्या बाबांना, साखर संपलीये." "सांग तुझ्या आईला, मी काही साखरेचा कारखाना काढलेला नाही." ही तीन पावलं इकडे यायची, तीन तिकडे. दोघांनाही एकमेकांचं सगळं ऐकू जायचंच, भिंत ती केवढीशी! तरीही ते तिच्या तोंडून ऐकल्याशिवाय ते ऐकलं असं दोघंही धरत नसत. तेव्हा तिने शपथ घेतलेली नव्हती. आई पातेलं आपटून म्हणायची, "म्हणावं, पोटाला हवं असेल तर या, नाहीतर बसा तिथेच." ही दारात जाऊन म्हणायची, "बाबा, आई जेवायला बोलावतेय." आणि बाबा, ज्यांनी पातेलंही ऐकलेलं असायचं आणि पोटाचंही ऐकलेलं असायचं, ते वर्तमानपत्राची घडी घालून उठायचे. कधी कधी तिच्या डोक्यावर हात ठेवायचे. त्या हाताला शाईचा वास यायचा. तिला पुष्कळ वर्षं असं वाटत होतं की 'या' हा शब्द जगात तिनेच चालू ठेवला आहे, तिने एक दिवस तो सांगितला नाही तर दोन खोल्यांमध्ये दोन माणसं उपाशी बसतील. पण तिला स्वतःला कधी भूक लागली, ती कुणाला सांगायची, हे मात्र आठवत नाही. दारात उभं राहणाऱ्याला कुणी कुठल्याच खोलीत धरत नाही. जेवण झालं की आई म्हणायची, "अगं, तू जेवलीस का?" आणि ती विचार करून सांगायची.

शुक्रवार, सोमवार, मंगळवार, कोर्ट आपल्या गतीने चालू होतं. मंगळवारी एक म्हातारी साक्षीला उभी राहिली. नवरा दुसऱ्या गावी राहायला गेला होता, वेगळं व्हायचं म्हणत होता, आणि सगळे कागद त्याच्या बाजूने नीट होते. म्हातारीला इथली भाषा येत नव्हती. वकिलाने तिला घराविषयी विचारलं, भाड्याविषयी विचारलं, मुलांविषयी विचारलं, आणि ती प्रत्येक प्रश्नाला एकच उत्तर देत राहिली. दुभाषीने ते प्रत्येक वेळी जसंच्या तसं सांगितलं, आवाज न हलवता, भरल्या कोर्टात, शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जाईल असं: "मला तो घरी हवा आहे." वकील कंटाळून म्हणाला, "साक्षीदाराने प्रश्नाचं उत्तर द्यावं." तिने म्हातारीला ते सांगितलं. म्हातारीने तिच्याकडे, वकिलाकडे नाही, तिच्याकडे पाहिलं, जणू इथे हिला तरी कळेल, आणि पुन्हा तेच म्हणाली. "मला तो घरी हवा आहे," दुभाषी म्हणाली. न्यायाधीशांनी चष्म्यावरून पाहिलं. काही घसरलं नव्हतं. शब्द तेच होते, एकही वाढला नव्हता. तरी त्या दिवशी घरी येताना शब्द तपासताना ती त्या वाक्यापाशी थांबली आणि पुढे गेलीच नाही. तोंडाला चव राहावी तसं ते वाक्य राहिलं होतं. वाटलं, हे आज परत करायचं राहून गेलं.

सकाळचा तिचा नेम कधी चुकत नसे. अंघोळ, देवापुढे बसणं, ठरलेली प्रार्थना. ते शब्दही कुणा फार जुन्या माणसाचे, आणि ते आपले नाहीत यातच तिला सुख होतं. त्यांत ती काही घालत नसे, काही काढत नसे. त्या मंगळवारच्या आधीच्या रविवारी सकाळी मात्र प्रार्थना झाल्यावर ती उठली नाही. म्हटलं, एकदा आपल्या शब्दांत बोलून बघू. देव काही घंटी वाजवणार नाही. "देवा," ती म्हणाली, "यांना…" आणि थांबली. यांना सुखी ठेव, यांना बरं असू दे, हे सगळं येत होतं, पण ते वाक्य तिकडे जायला तयार नव्हतं. त्या वाक्याला 'मला' हवं होतं. मग शेवटी ठरलेली प्रार्थनाच पुन्हा एकदा म्हटली आणि उठून गॅस पेटवला.

त्या दिवशी त्यांचा फोन आला तेव्हा ते म्हणाले, "काय, केलास विचार?" ती म्हणाली, "चाललाय." ते म्हणाले, "चालू दे, चालू दे, तुझा विचार आणि आमचा तिसरा पंप, दोन्ही सुरू व्हायला वेळ घेतात." मग ऐकू येत नाही म्हणून ती त्यांना म्हणाली, "तो पंप जरा थांबवा ना बोलताना." कधी न म्हटलेलं म्हणून गेली. त्यांनी ते अगदी गंभीरपणे घेतलं. "अगं, तो दिव्यासारखा विझवता येत नाही. आधी पुढची झडप हळूहळू मिटायची, मग मोटार. एकदम थांबवलं तर वर चढत असलेलं पाणी मागे फिरतं, पाइपाला असा धक्का बसतो की भिंत हलते. आणि खाली लोक नळाखाली बादल्या घेऊन उभे असतात." ती म्हणाली, "नको, नको, राहू दे." फोन ठेवल्यावर तिने मनात म्हटलं, वर चढत असलेलं पाणी मागे फिरतं. तिला आपला गळा आठवला.

मग तिने लेकीला फोन केला. लेक कामावरून येऊन बूट काढत असावी. एक पडल्याचा आवाज आला, मग दुसरा.

"बाबांना तू एकदा विचारून बघ ना, त्यांच्या मनात काय आहे ते."

"त्यांच्या मनात काय आहे ते मला माहीत आहे, आई. तुझ्या मनात काय आहे ते त्यांना हवंय."

"मग तसं सांग ना त्यांना. म्हणावं, आईला वाटतं…"

"हं. काय वाटतं?"

फोनमध्ये इकडे घरघर नव्हती, त्यामुळे तिचा अबोला अगदी उघडा पडला.

"बघ," लेक म्हणाली. "मलासुद्धा सांगत नाहीस, आणि वर मीच सांगायचं. मी नाही हं तुमची पोस्टमन. तुला आठवतं, मी शाळेत असताना तू मला 'सांग तुझ्या बाबांना' कधीही म्हणायची नाहीस? मैत्रिणींच्या आया म्हणायच्या. तू दात-ओठ खायचीस पण म्हणायची नाहीस. मला तेव्हा कळायचं नाही का ते."

"आता कळलं?"

"आता थोडं कळलं." लेकीचा आवाज मऊ झाला. "आई, दोन शब्द तर आहेत. एक श्वास घे आणि टाकून दे."

फोन ठेवून ती मधल्या दारात उभी राहिली. या घरालाही एक मधलं दार होतं. आपण आत्ता, काही न ठरवता, लेकीला हाताला धरून त्या दारात उभं करायला निघालो होतो हे तिच्या लक्षात आलं. तिने बेसिनपाशी जाऊन नळ सोडला. पाणी आलं. डोंगरापलीकडून, त्यांच्या हाताखालून निघून, इथवर आलेलं. वाटलं तर तेच पाणी, वाटलं तर नुसतं पाणी.

गुरुवारी ती चिठ्ठी पर्समध्ये घालून वाचनालयाच्या जिन्याने वर गेली. उद्या सकाळी त्यांनी सांगायचं होतं. अध्यक्षीणबाईंनी तिला पहिलंच उभं केलं, "थंड इंजिन आधी," असं म्हणत. तिने चिठ्ठी काढून मुठीत धरली. दंतवैद्यांनी घंटीवर बोट टेकवलं. हिरवा दिवा लागला. तिने डावीकडे पाहिलं नाही. पाहावंसं वाटलं, मान वळायलाही लागली होती, ती तिने खेचून सरळ केली.

"आमच्या घरी," ती म्हणाली, "आमच्या घरी बेसिनवर दोन साबण आहेत. एक… अं…" टिंग. "एक माझा. एक… अं… ह्यांचा." टिंग. कुणीतरी दबक्या आवाजात हसलं. शेवटच्या खुर्चीतल्या माणसाच्या डोक्यावरून भिंतीवरच्या एका खिळ्याकडे बघत ती पुढे गेली. "ते महिन्यातून दोन दिवस येतात. तो साबण तेव्हाच… अं… वापरतात." टिंग. "ते गेले की तो वाळतो. वाळला की त्याला भेगा पडतात. भेगा पडल्या की त्याच्या कडा… अं… अं…" टिंग, टिंग. दंतवैद्यांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच थोडा ओशाळेपणा आला. "कडा गळतात. दुभाषीला…" ती थांबली. खोलीतले लोक हसायला तयार झाले होते. मागच्या वेळची गंमत पुन्हा येतेय असं त्यांना वाटलं. "नाही," ती म्हणाली. "मला. मला ते बघवत नाही. म्हणून मी… मी रोज संध्याकाळी कामावरून आले की तो हातात घेते आणि ओला करते. पाण्याखाली धरते. वापरत नाही. नुसता ओला करते आणि परत ठेवते. कुणी आत्ताच हात धुऊन गेल्यासारखा."

पिवळा दिवा लागला. कुणी हसलं नाही. दंतवैद्यांचं बोट घंटीवर होतं आणि ते तिथेच राहिलं, कारण त्यानंतर तिने कितीतरी वेळा 'अं' केलं आणि त्यांना ते ऐकू आलं नाही. ती काय बोलत होती ते पुढे तिला आठवलं नाही. एवढं आठवलं की बोलता बोलता मध्येच 'ते' जाऊन 'तुम्ही' आलं होतं. तुम्ही आलात की घरात पायाला पाणी लागतं. तुम्ही पुसत नाही. मला राग येतो. तुम्ही गेलात की फरशी कोरडी असते. आणि लाल दिवा लागला तेव्हा वाक्य अर्धं होतं, आणि ते इथे पुरं करायचं नाही हे तिला एकदम, स्वच्छ, समजलं. "हे मला इथे नाही सांगायचं," ती म्हणाली, पर्स उचलली आणि टाळ्या सुरू व्हायच्या आत दार लोटून जिन्यावर आली. मागे अध्यक्षीणबाईंचा आवाज आला, "जाऊ द्या त्यांना. रस्ता मोकळा आहे."

जिन्याच्या वळणावर एक खिडकी होती, तिच्या कट्ट्यावर धूळ. तिथे बसून तिने फोन लावला. घरघर आली, मग ते. "काय गं? आज कसा काय? बरी आहेस ना? लेक बरी आहे ना?"

"सगळे बरे आहेत." आणि मग, श्वास घेऊन, जसा लेकीने सांगितला होता तसा, "अहो, तुम्ही घरी या. मला तुम्ही घरी हवे आहात."

तिचा आवाज मुळातच बारीक. कोर्टातला तो खणखणीत आवाज दुसऱ्यांचा. हा तिचा होता आणि तो फार दूर जाणारा नव्हता.

"काय? काहीच कळलं नाही! जोरात बोल! तिन्ही पंप चालू आहेत!"

इथूनही परत फिरता आलं असतं. काही नाही, रविवारी बोलू, म्हणता आलं असतं. तोंडात ते तयारच होतं, वर्षानुवर्षं तयार होतं. तिने ते म्हटलं नाही. पण दुसरंही म्हटलं नाही. आणि त्या न म्हणण्यात काहीतरी त्यांनी ऐकलं असावं, घरघरीतूनही, कारण ते म्हणाले, "थांब. ठेवू नकोस. ठेवू नकोस हं." फोन कुठेतरी लोखंडावर ठेवल्याचा आवाज आला. पावलं लांब गेली. मग एक चाक करकरत फिरू लागलं, खूप वेळ, हळूहळू, आणि घरघर बारीक होत गेली, एक सूर गळला, मग दुसरा, मग एक खोल उसासा, आणि मग काहीच नाही. त्या फोनमध्ये तिने कधी न ऐकलेली शांतता होती. कुठेतरी थेंब पडत होता. एक पाखरू ओरडत होतं. तिकडे पाखरं आहेत हे त्यांनी कधी सांगितलं नव्हतं, त्यांनाही कदाचित माहीत नसेल. पावलं परत आली. ते धापा टाकत होते.

"बोल," ते म्हणाले. इतक्या हळू की तिला तो कुणा दुसऱ्याचा आवाज वाटला. "दोन मिनिटं आहेत. जास्त वेळ बंद नाही ठेवता येत. काय म्हणालीस तू?"

पुन्हा सांगायला सांगितलं की काय करायचं हे जगात तिच्याइतकं कुणाला माहीत नव्हतं. वाढवायचं नाही, घटवायचं नाही. जे म्हटलं गेलं तेच.

"अहो, तुम्ही घरी या," ती म्हणाली. "मला तुम्ही घरी हवे आहात."

जिन्याच्या पोकळीत ते वाक्य वरपर्यंत गेलं. पलीकडे थेंब पडला, आणखी एक पडला. आणि मग ते, ज्यांना बोलताना कधी शब्द शोधावा लागला नव्हता, ते म्हणाले, "अं…"

नेमकी वरच्या खोलीत घंटी वाजली, टिंग, कुणा दुसऱ्याच्या भाषणाला. तिने तोंडावर हात ठेवला.

"येताना काय आणू?" ते म्हणाले.

चिठ्ठी अजून तिच्या मुठीत होती; घामाने तिच्यावरचं अक्षर पुसट झालं होतं. वाचायची गरज नव्हती.

"तुमचा साबण आणा," ती म्हणाली. "जास्त आणा. आता एक वडी पुरायची नाही."